डाव्या फाट्यातला शेंगदाणा

खारदांड्याहून मासेमारीला गेलेला माझा धाकटा भाऊ दर्यात बुडाला आणि मी होडीवर पाय ठेवणं सोडलं. अंधेरीच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत शिपाई म्हणून चिकटलो. एकाहत्तर-बहात्तर साल असेल. पांढऱ्या उंदरांचे पिंजरे धुवायचे, हे काम. कोळ्याचा पोर उंदरांची घाण काढतो, असं कोळीवाड्यात कुणी म्हटलं की मी अंगावर जायचो. मुळातच तिरसट.

प्रयोग तिथल्या प्राध्यापक बाई करायच्या. एक लाकडी बोळ, पुढे दोन फाटे. महिनाभर शेंगदाणा डाव्या फाट्यात ठेवायचा, मग उजव्यात. डावीकडची सवय उंदीर कधी सोडतो ते बघायचं. काही उंदरांच्या मेंदूतल्या आठवणींच्या भागावर शस्त्रक्रिया झाली होती. ते बिचारे डावीकडेच जात राहायचे. धडधाकट होते ते आठवड्यात वळले, एक सोडून. बाई चक्रावल्या.

कारण मी होतो. दाणा उजवीकडे गेला त्या पहिल्या दिवशी तो उंदीर डावीकडच्या रिकाम्या वाटीपुढे बराच वेळ बसून राहिला, ते मला बघवलं नाही. मग बाईंची पाठ वळली की मी एखादा दाणा डावीकडे टाकायचो. रोज नाही, पण टाकायचो.

एकदा बाईंना तिथे दाण्याचं साल सापडलं. वाटलं, वाट लागली, नोकरी गेली. त्या ओरडल्या नाहीत.

"जुनं पुसलं जात नाही रे," त्या म्हणाल्या. "आता इथे काही मिळत नाही, हे मेंदू त्याच्यावर नव्याने शिकतो. पण त्यासाठी आधी रिकामं परतावं लागतं. तू या उंदराला परतूच देत नाहीस."

मला घरचं झाकलेलं ताट आठवलं. भावाचं प्रेत मिळालं नव्हतं. दर्यावर गेलेल्याचा वाटा आमच्या घरी झाकून ठेवायचे, आणि आई वर्षभर रोज संध्याकाळी त्याचं ताट झाकत होती. सकाळी ते तसंच दिसलं तर ती खचेल, म्हणून पहाटे उठून मी ते संपवायचो. रिकामं ताट ती मुकाट्याने घासायला घ्यायची. म्हणजे आईलाही मी दाणेच टाकत होतो.

दुसऱ्या पहाटे ताटाला हात लावला नाही. भूक होती, रडूही येत होतं. उजाडल्यावर आईने झाकण उचललं. भात तसाच, कालवण आटलेलं.

"आज का नाय जेवलास?" तिने विचारलं.

म्हणजे ताट मी संपवतो, हे तिला ठाऊक होतं.

"तो येनार नाय, ठावं हाय मला," ती म्हणाली. "तू खातोस म्हनून झाकते. वाटलं, तुला त्याचं ताट सोडवत नाय."

मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना. तिने भात कोंबड्यांना घातला आणि त्या संध्याकाळी ताट झाकलं नाही.

पहाटे मी उठलोच. चुलीपाशी गेलो आणि ताटाच्या रिकाम्या जागेपुढे बराच वेळ बसून राहिलो.