पाहुण्यांसाठी आणलेलं गवत

मर्ल कॉफमन अ‍ॅल्डरटनच्या स्टेडियममध्ये मैदानप्रमुख होता, आणि त्याच्या मैदानात गवताची एक काडी नव्हती. अकरा वर्षांपूर्वी तिथं प्लास्टिकचा हिरवा गालिचा अंथरला होता, आणि तेव्हापासून मर्ल त्या गालिच्याची निगा राखत होता. निगा म्हणजे काय, तर सोमवारी तो ब्रशनं विंचरायचा, मंगळवारी चुंबकाचा दांडा फिरवून त्यात अडकलेल्या केसांच्या पिना गोळा करायच्या, आणि सामन्यानंतर सूर्यफुलाच्या बियांची टरफलं आणि च्युइंगम खरवडून काढायचं. उन्हाळ्यात प्लास्टिक चटके द्यायला लागलं की त्यावर पाणी मारायचं. मर्ल सगळं मन लावून करायचा. फक्त पाणी मारताना त्याचा चेहरा पडायचा, कारण पाणी घालूनही काही उगवत नाही हे त्याच्यातल्या शेतकऱ्याला सोसत नसे.

शेतकरी तो पिढीजात. बाप, आजा, पणजा, सगळे विलामेट खोऱ्यातले, गवताचं बी पिकवणारे. या खोऱ्यातलं बी दूरदेशीच्या बागांत आणि मैदानांत उगवतं. पण पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही उगीच नाही. खोऱ्याच्या ऐन मध्यावरचं हे शहर, आणि तिथला फुटबॉल प्लास्टिकवर! बापामागे शेत थोरल्या भावानं, ओर्व्हलनं सांभाळलं, मर्लनं आधी शाळेचं मैदान धरलं आणि मग हे. ओर्व्हल रविवारी जेवायला आला, की पहिला घास घ्यायच्या आधी विचारणार,

"काय रे मर्ल, या आठवड्यात कटिंग केलंस का त्याचं? की अजून केस वाढले नाहीत?"

"तुझं शेत जुलैत पिवळं पडतं. माझं बारा महिने हिरवं," मर्ल म्हणायचा. त्याची बायको आर्डिथ बेरीचा केक कापता कापता हसायची. मर्लही हसायचा. पण ते त्याला लागायचं, अगदी दरवेळी.

त्या वर्षी जुलैत नॉर्थवाइक रोव्हर्स हा इंग्लंडचा बडा क्लब दौऱ्यावर येणार अशी बातमी आली. असे क्लब उन्हाळ्यात यायचेच. चार शहरांत चार सामने खेळायचे, हात हलवायचे, शर्ट खपवायचे आणि विमानात बसायचे. अ‍ॅल्डरटनचा आपला संघ सॉयर्स, देशाच्या दुसऱ्या फळीतला. त्यांच्या सामन्याला पाच हजार माणसं आली तरी व्यवस्थापक खुशीत असायचे. रोव्हर्सच्या सामन्याची सव्वीस हजार तिकिटं एका सकाळीत संपली. रोव्हर्सची अट एकच होती. आमचे खेळाडू प्लास्टिकवर पाय ठेवणार नाहीत, खरं गवत घाला.

आणि काय सांगावं, अकरा वर्षं ज्याला "परवडत नाही, टिकत नाही, जमत नाही" म्हणत होते, ते गवत सहा आठवड्यांत जमलं. ओर्व्हल काही एकरांत तयार गवताच्या वळकट्या पिकवायचा, त्यालाच काम मिळालं. बावीस ट्रक आले. प्लास्टिकवर कापड घालून त्यावर एकेक वळकटी उलगडली गेली. मर्ल गुडघ्यांवर बसून दोन वळकट्यांमधली शिवण हातानं दाबत होता. एकसष्टाव्या वर्षी तो जवळजवळ सगळं मैदान गुडघ्यांवर फिरला, आणि घरी गेल्यावर आर्डिथला म्हणाला, "पाय गेले कामातून. पण काय वास येतोय तिथं, बाई!"

रोव्हर्सचा मैदानवाला पेंडलबरी चार दिवस आधी आला. सुकडा, आंबट तोंडाचा माणूस. त्यानं गवतात बोट खुपसलं, शिवण उचकटून पाहिली, एक पातं चावून थुंकलं.

"कुणी पिकवलंय?"

"माझ्या भावानं."

"भाऊ कसा आहे मला माहीत नाही. गवत चांगलंय." मग जरा वेळानं म्हणाला, "चोवीस मिलिमीटरला काप. आणि सामन्याआधी अर्धा तास पाणी दे. चेंडू ओल्यावर पळतो."

मर्लनं आयुष्यात कुणाचं कौतुक इतकं जपून ठेवलं नव्हतं.

सामना झाला. सॉयर्स चार-शून्यनं हरले. अ‍ॅल्डरटनची निम्मी जनता रोव्हर्सचे शर्ट घालून आपल्याच पोरांविरुद्ध ओरडत होती, त्यामुळे हरल्याचं कुणाला फारसं दुःखही झालं नाही. रोव्हर्स गेले. रविवारी सकाळी ट्रक येऊन गवत उचलणार, असं कागदावरच लिहिलेलं होतं. पाहुण्यांसाठी गवत घालायचं आणि पाहुणे गेले की उचलायचं, ही सगळ्या देशाचीच रीत होती.

पण गर्दी पांगल्यावर मर्ल शिवणी बघत फिरत होता, तेव्हा मैदानाच्या मधोमध सॉयर्सचा कप्तान रूबेन अल्कांतार उताणा पडलेला त्याला दिसला. रूबेन चौतीस वर्षांचा. त्याचे आईवडील खोऱ्यात बेरी तोडायला आले आणि इथलेच झाले. तो मर्लला पहिल्या दिवसापासून डॉन मर्ल म्हणायचा; त्याच्या घरच्या भाषेत डॉन म्हणजे राव.

"लागलं का रे?" मर्ल घाबरला.

"नाही, डॉन मर्ल. लागलं नाही, म्हणूनच पडलोय." त्यानं पाय वर करून दाखवले. त्याच्या गुडघ्यांवर, मांड्यांवर प्लास्टिकनं सोलल्याचे नऊ वर्षांचे डाग होते. "आज चार वेळा घसरून पडलो, आणि हे बघा, एक ओरखडा नाही. पाहुणे जेवून गेले. उरलंसुरलं तरी आम्हाला वाढा की."

मर्ल तिथंच त्याच्या शेजारी बसला. पुढच्या शनिवारी बेंटन फॉल्सविरुद्ध सॉयर्सचा लीगचा सामना होता. तो जिंकला तर बाद फेरी. फक्त आठवडाभर हे गवत राहिलं तर? आपल्या हातच्या गवतावर आपला संघ खेळताना एकदा, एकदाच बघायचं, एवढंच त्याला हवं होतं. अकरा वर्षांत त्यानं काही मागितलं नव्हतं.

व्यवस्थापक म्हणाले, "कोच मागत असेल तर राहू दे. नाहीतर उद्या उचल."

कोच हॅस्केल म्हणजे तापट माणूस. त्यानं मर्लचं म्हणणं ऐकलं आणि तो हसायलाच लागला. "मर्ल, घरच्या आठ सामन्यांपैकी सात जिंकलो आपण. का? आपण फार ग्रेट आहोत म्हणून? अरे, येणाऱ्याला प्लास्टिकची धडकी भरते म्हणून! ते प्लास्टिक माझा बारावा खेळाडू आहे, आणि तू त्याला बाकावर बसवायला सांगतोस?"

"सोमवारी एकदा सराव करून बघा. वाईट खेळले तर मी स्वतः वळकट्या करीन."

"तू स्वतः?"

"गुडघ्यांवर."

हॅस्केलनं सोमवार दिला.

सोमवारचं काय वर्णन करावं! सॉयर्सची पोरं नव्यानं उभ्या राहिलेल्या वासरासारखी धडपडत होती. प्लास्टिकवर वेगानं पळणारा चेंडू गवतात निम्म्या वाटेत थांबायचा, आणि ज्याला तो मिळायला हवा तो पुढे निघून गेलेला असायचा. गोलकीपर तीनदा घसरून खाली बसला. हॅस्केल शिट्टी फेकून मर्लकडे वळणार तोच रूबेन पळत आला.

"कोच, चूक आमची आहे. सगळ्यांच्या पायात प्लास्टिकचे बूट आहेत. तळाला बुटक्या खुंट्या असलेले. गवताचे लांब खुंट्यांचे घरी माळ्यावर पडलेत."

"म्हणजे? रोव्हर्सविरुद्ध पण हेच घातले होते?"

"सवय हो, कोच."

हॅस्केलनं कपाळावर हात मारला. गवतावर खेळायचंय हे महिनाभर ठाऊक असून, एकानंही बूट बदलले नव्हते! "उद्या लांब खुंट्यांचे बूट आणा," तो गुरगुरला. "आणि मर्ल, जिंकलास म्हणू नकोस. एक दिवस मिळालाय."

एकाचे दोन झाले, दोनाचे चार. मर्ल पहाटे पाच वाजता पाणी देत होता, कारण खालचं प्लास्टिक तापायचं आणि गवताच्या मुळांना खाली जायला जागाच नव्हती. कडेच्या पट्ट्या पिवळ्या पडायला लागल्या तेव्हा त्यानं ओर्व्हलकडून दोन नव्या वळकट्या आणवल्या. ओर्व्हल स्वतःच ट्रक घेऊन आला.

"फुकट नाही," तो म्हणाला. "शनिवारची तिकिटं पाहिजेत."

"तुला? फुटबॉलची?"

"फुटबॉल गेला चुलीत. माझं गवत बघायचंय."

गुरुवारपर्यंत पास पोचायला लागले. शुक्रवारी एक चेंडू गवताला चिकटून चाळीस फूट सरळ गेला आणि हॅस्केलनं तोंडातल्या तोंडात "हं" केलं. मर्लनं ते "हं" घरी जाऊन आर्डिथला दोनदा करून दाखवलं.

शनिवारी सकाळी तो पाहुण्यांच्या खोलीत टॉवेल ठेवायला गेला. बेंटन फॉल्सचा सामानवाला सायलस बूट मांडत होता. सगळे बुटक्या खुंट्यांचे. मर्लनं एक बूट उचलून उलटा करून पाहिला.

"आज गवत आहे. तुम्हाला पत्र नव्हतं का आलं?"

"आलं की," सायलस हसला. "आम्ही म्हटलं, अ‍ॅल्डरटनवाले थट्टा करतायत. विलायती साहेबांसाठी घातलेलं गवत दुसऱ्या दिवशी जातं, हे आम्हाला काय ठाऊक नाही? आमच्याकडे पण तसंच."

"तू बाहेर जाऊन बघ."

सायलस बाहेर जाऊन आला तेव्हा त्याचं तोंड उतरलं होतं. मर्लनं हातातले टॉवेल बाकावर ठेवले. नुसतं गप्प राहायचं होतं, एवढंच. बाद फेरी, हॅस्केलची खुशी, कदाचित पुढंही गवत, सगळं आपोआप झालं असतं. पण कुणी म्हटलं असतं की समोरचे घसरले म्हणून जिंकले, तर मग गवत जिंकलं कुठं?

"हायवेवर खेळाचं मोठं दुकान आहे," तो म्हणाला. "माझी व्हॅन घे. लवकर जा."

हॅस्केलला हे कळलं तेव्हा तो जिन्यातूनच ओरडत आला. "अरे, तू कुणाच्या बाजूचा आहेस रे?"

"गवताच्या," मर्ल म्हणाला.

त्या दिवशी नऊ हजार माणसं आली. त्यातली दोनेकशे खोऱ्यातली गवतवाली होती, ओर्व्हलनं गोळा केलेली. आयुष्यात फुटबॉल न पाहिलेले हे लोक टोप्या मागे सारून पहिल्या रांगेत बसले होते. चेंडू कुठं आहे याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं. "रायगवत आहे, पण त्यात थोडं ब्लूग्रासचं बी घातलंय," एक म्हणाला. "घालायलाच पाहिजे," दुसरा म्हणाला, आणि तेवढ्यात बेंटन फॉल्सनं गोल केला तो त्या दोघांनाही दिसला नाही.

मध्यंतरापर्यंत शून्य-एक. बेंटन फॉल्सच्या नव्या बुटांनी उत्तम पकड घेतली होती. हॅस्केलनं आत जाताना मर्लकडे अशी नजर टाकली, की मर्लला आपली पेन्शन आठवली. त्यानं पाण्याचे फवारे सुरू केले.

साठाव्या मिनिटाला चेंडू गोलरेषेच्या बाहेर जात होता. प्लास्टिकवर तो कुणी सोडूनच दिला असता. रूबेननं अंग झोकून दिलं, ओल्या गवतावर आठ फूट घसरला, आणि पायाच्या टोकानं चेंडू गोलमध्ये ढकलला. एक-एक! स्टेडियम उठलं. आणि रूबेनबरोबर वळकटीही उठली. शिवण सुटून गवताचा भलामोठा पट्टा चादरीसारखा दुमडला, खालून प्लास्टिक दिसायला लागलं. पंचांनी खेळ थांबवला.

मर्ल आपली चार माणसं घेऊन धावला. पण ओली वळकटी पाचांना कसली हलतेय! तेवढ्यात पहिल्या रांगेतून ओर्व्हल कठडा ओलांडून आला, त्याच्यामागे दहा-बारा गवतवाले. पंच हातवारे करत राहिले, पण त्यांचं कोण ऐकतो. सगळ्यांनी मिळून पट्टा ओढला, बसवला, आणि सत्तरीतले म्हातारे तो पाय आपटून दाबायला लागले. कुणीतरी "मर्ल! मर्ल!" सुरू केलं आणि नऊ हजार माणसं मैदानवाल्याच्या नावानं ओरडायला लागली. मर्लचे कान लाल झाले.

"रडतोयस काय?" ओर्व्हलनं विचारलं.

"पाणी उडालं फवाऱ्याचं."

"फवारा कधीच बंद झालाय, मर्ल," ओर्व्हल म्हणाला, आणि थोरल्या भावानं कधी ठेवला नव्हता तसा त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

शेवटच्या पाच मिनिटांत सॉयर्सनं सात पास दिले, एकही वर न उचलता, सगळे ओल्या गवताला धरून. सातवा थेट गोलमध्ये गेला. सॉयर्स दोन-एकनं जिंकले. सायलसनं बाकावरूनच मर्लला टोपी काढून सलाम केला.

लोक पांगले. खेळाडू मात्र आत जाईनात. मर्ल उचकटलेली जागा तपासत होता, तेवढ्यात हॅस्केल आला आणि बुटानं गवत चाचपत राहिला.

"उद्या ट्रक येणार ना? परत पाठव ते."

"नाही, कोच. उचलूच द्या," मर्ल म्हणाला. "प्लास्टिकवर हे आता चार दिवससुद्धा जगणार नाही. पाहुण्यासारखं आणलं, पाहुण्यासारखं जाईल. सरावाच्या मैदानात घाला, तिथं खाली माती आहे."

"आणि इथं?"

इतकी वर्षं मर्लला एकच प्रश्न विचारला जायचा, साफ केलंस का. हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता.

"मी आत्ता वर क्लबच्या मालकीणबाईंकडे चाललोय," हॅस्केल म्हणाला. "त्या आज खुशीत आहेत, आणि पोरं म्हणतायत की बाईंनी होकार दिल्याशिवाय ती इथून उठणार नाहीत. मला नीट सांग, तुला काय काय लागेल?"

मर्ल बोटं मोजायला लागला. "हे प्लास्टिक उपटून न्यायला माणसं. मग माती, दीड हात तरी. मग बी, ते आमच्या घरचं आहे. आणि मला कुणी घाई करायची नाही."

"किती दिवस लागतील?"

"गवताला विचारून सांगतो," मर्ल म्हणाला.