संकल्प कुणाच्या नावाने

खराडीच्या ऑफिसात मला चाचणीवर घेतलं होतं. मुलांपायी इतकी वर्षं घरी बसलेल्या बाईला पुन्हा नोकरी कोण देतं हो? शुक्रवारी सगळ्या शाखांचा अहवाल आपोआप तयार करून दाखवायचा. जमलं तर कायम, नाहीतर रामराम. मला ही नोकरी हवीच होती.

माझ्या वरच्या बाई माझ्याहून बऱ्याच लहान. एक्सेलमध्ये आपोआप काम करणारा मॅक्रो मी लिहिला होता, तो त्यांनी पाहिला आणि म्हणाल्या, "काकू, ओळीओळीला शीटचं नाव घेताय. जप चाललाय का?" मग त्यांनीच दाखवलं. वर एकदाच 'विथ' लिहून शीट कुठली ते सांगायचं. 'एंड विथ' येईपर्यंत खालचं सगळं त्याच शीटवर होतं.

हात्तिच्या! माझ्या वडिलांनी कसबा पेठेत जन्मभर भिक्षुकी केली. पूजेच्या सुरुवातीला यजमानाचं नाव-गोत्र एकदा सांगून संकल्प सोडायचा, की पुढची सगळी पूजा त्याच्या नावाने. हे मला कुणी शिकवावं? मी ऐटीत वर 'विथ'पुढे लिहिलं, 'समोर उघडी असेल ती शीट'. खाली लिहिलं, एकेका शाखेची शीट उघडत जा, बेरीज मांडत जा.

गुरुवारी चालवून पाहिलं. पडद्यावर शीट्स भराभर उलटल्या. पहिली भरली, बाकीच्या कोऱ्या. अहो, डोळ्यांसमोर दुसरी शीट उघडी दिसतेय, मग लिहिलं जातंय कुठे? सगळ्या ओळी पुन्हा वाचल्या, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, चष्मासुद्धा पुसला. डोकं पार भंजाळलं. रडूच यायला लागलं.

संध्याकाळी माहेरी गेले. बाबा जेवताना करवादत होते. आज पूजेच्या मध्येच यजमान ऑफिसचा फोन घ्यायला उठले, भावाला पाटावर बसवून गेले, आणि तो भाऊ विचारतो, आता पुण्य मला ना? "म्हटलं, पाटावर खुशाल बसा. संकल्प ज्याच्या नावाने सोडला, पूजा त्याची."

माझा घास हातातच राहिला. 'विथ' म्हटलं तेव्हा समोर पहिली शीट उघडी होती. पुढे शीट बदलत होती, पण संकल्प पहिलीच्याच नावाचा होता. शुक्रवारी सकाळी 'विथ'ची ओळ खाली नेली, शीट उघडल्यानंतर. दर शाखेला नवा संकल्प. सगळ्या शीट्स भरल्या आणि मी कायम झाले.

बाबांनी हौसेने आमच्याकडे सत्यनारायण घातला. पाटावर मी आणि आमचे हे. रीतीप्रमाणे मी ह्यांच्या हाताला हात लावून बसलेली. बाबांनी ह्यांच्या हातावर पाणी घातलं आणि ह्यांचं नाव घ्यायला लागले.

मी माझा हात काढून पुढे केला. "बाबा, नोकरी मला लागलीये."

बाबांनी जावयाकडे पाहिलं. हे जरा बाजूला सरकले. बाबांनी पळी भरली, तोंड उघडलं आणि थांबले.

"गोत्र कुठलं सांगू? आपलं, की ह्यांचं?"

पाणी पळीतच राहिलं.