न पाहिलेल्या इंजिनाचा धूर

अदिस अबाबातल्या कोतेबे भागात राहणारी असेलेफेच ही सुईण. एकतीस वर्षं दवाखान्यात बाळंतपणं करत आलेली, आणि तेवढीच वर्षं वडिलांची निळी फोक्सवॅगन बीटल चालवत आलेली. नव्या गाडीवरचा कर असा, की पगारदार माणसानं तिचं नावही काढू नये. म्हणून रविवारी चर्चहून आली की बाई बाह्या सरसावून प्लग घासायची, ऑइल बघायची, पट्ट्याचा ताण बोटानं दाबून पाहायची. पाठीमागून येणाऱ्या आवाजावरूनच गाडीचं दुखणं तिला कळायचं.

यंदा वार्षिक तपासणीला ती सकाळीच रांगेत लागली. तपासनीस दावित, विशी-पंचविशीतला. गाडीकडे बघून हसला आणि टपावर कागद ठेवून भराभरा लिहिलं. "एमामा, आता हिला पेन्शन द्या," म्हणाला.

एमामा, म्हणजे आजीबाई! तिची आई नव्वदीची, तिला म्हणावं तसं. असेलेफेचनं कागद ओढून वाचला. 'नापास. इंजिन धूर ओकतं.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "इंजिन बघितलंस?"

"बघितलं की!"

"मला दाखव."

दावितनं रुबाबात पुढचं बॉनेट उघडलं. आत स्टेपनी, आणि तिचा दुपारच्या जेवणाचा, इंजेऱ्याच्या भाकरीचा डबा. तो वाकून बघतच राहिला. "इंजिन कुठंय?"

रांगेतले टॅक्सीवाले पोट धरून हसले. ती हसली नाही.

"मागे असतं ते! बाईला तपासल्याशिवाय मी 'बाळ आडवं आहे' असं लिहिलं असतं तर? बोलाव तुझ्या साहेबांना. तोवर गाडी इथून हलायची नाही."

"बाई, मागे लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत. त्यांचेही कागद असेच लिहिणार ना तू?"

मागून कुणीतरी ओरडलं, "खरंय! हलू नका, ताई!"

पोटावर पट्टा आवळत साहेब आले. त्यांनी स्वतः इंजिन चालू करून धूर मोजला. ठीक. पायाचा ब्रेक ठीक. हँडब्रेक मात्र ढिला निघाला.

"हे खरं आहे. हे लिहा," ती म्हणाली.

तिनं पुढच्या बॉनेटखालून पाना काढला, दवाखान्याच्या पांढऱ्या कोटातच आत वाकली आणि दोन सीटांमधल्या दांडीच्या बुडाचे नट आवळले. पुन्हा तपासणी झाली. पास.

साहेबांनी काचेवर लावायची चिठ्ठी पुढे केली. "झालं ना काम? जाऊ द्या आता, पोरगा नवा आहे."

"नवा आहे म्हणून न बघता लिहायचं? आधी तो कागद रद्द करा. माझ्यासमोर."

त्यांनी दावितकडे पाहिलं. दावितनंच मान खाली घालून कागदावर रेघ मारली आणि खाली सही केली.

दवाखान्यात पोचायला तिला दोन तास उशीर झाला. कोपरापर्यंत हात घासताना ती शिकाऊ नर्सला म्हणाली, "मी भांडू शकले. जो भांडू शकला नाही, त्याची गाडी आज घरी उभी असेल."

मग हात पुसून ती पहिल्या बाईला तपासायला आत गेली.