मामांचा वॉश

“वॉश दिला का?”

काचेचं भांडं हातात घेतलं, की मामा मागून विचारायचेच. नगरच्या आमच्या कॉलेजात ते केमिस्ट्री लॅबचे अटेंडंट होते. केडगावहून सायकलने यायचे. खांद्यावर कायम पिवळं फडकं.

हा एक इंग्रजी शब्द त्यांना दिवसभर पुरायचा. वाटेत पाऊस लागला, की “फुकटात वॉश!” सर कुणावर रागावले, की “बसला ना वॉश?” एकादशीला डबा नसायचा. “पोटाला वॉश देतोय,” म्हणायचे आणि आमचे शेंगदाणे संपवायचे. असं कुणीतरी तुम्हीही पाहिलं असेल.

मी राहात्याजवळच्या खेड्यातली, घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. मामांनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं, “ब्युरेटच्या नळीला तिच्यात भरायच्या द्रावणाचा वॉश. फ्लास्कला नुस्त्या पाण्याचा. न्हाईतर माप चुकलंच.”

परीक्षेत मी नेमकं तेच विसरले. नापास झाले तर शिक्षण बंद, असं काकांनी बजावलं होतं. रीडिंग जुळेनात, म्हणून मी फ्लास्क आणखी काळजीने विसळत होते, ॲसिडनेच. बाहेरून आलेले परीक्षक समोर बसलेले. मामांना आमच्याशी बोलायची बंदी होती. ते खिडकी पुसत होते.

अचानक ते बाहेर वाकून ओरडले, “ए चहावाल्या! कप चहानंच विसळतो व्हय रं? मग मोजून वतलेल्या चहाचं माप कसं ऱ्हाईल? कपाला नुस्तं पाणी लाव, पाणी!”

मी हातातल्या फ्लास्ककडे पाहिलं. पाण्याने धुतला. पुढची दोन्ही रीडिंग जुळली.

जाताना परीक्षकांनी मामांना विचारलं, “शिकला का तुमचा चहावाला?”

“शिकंल सर, हळूहळू.”

मला मात्र चैन पडेना. “मामा, ही कॉपी झाली का हो?”

“मी चहावाल्याला वॉश दिला. तू कशाला मधी पडतीस?”

मी खिडकीतून खाली पाहिलं. लिंबाखाली फक्त मामांची सायकल होती.

मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. मी आता तिथेच एम.एस्सी.ला आहे. परवा ज्युनियर मुलींच्या सराव परीक्षेत मॅडमनी मला लक्ष ठेवायला उभं केलं. “एकीशीही बोलायचं नाही,” असं बजावून त्या समोर बसल्या. कोपऱ्यातली एक मुलगी रडवेली होऊन फ्लास्क ॲसिडने विसळत होती. पुन्हा पुन्हा.

मी खिडकीपाशी गेले. लिंबाखाली आता सायकलही नव्हती. घसा साफ केला. बाहेर वाकले.

“ए चहावाल्या...”