चार पर्वती आणि वर दोन पायऱ्या

माझी पत्नी सदाशिव पेठेतल्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होती. दुसऱ्यांनी ठरवलेल्या इमारती तिने आधी कागदावर आणि नंतर कॉम्प्युटरवर काढल्या. त्यांतल्या बऱ्याच बिबवेवाडीत उभ्या आहेत. त्यांच्यासमोरून रिक्षा गेली की ती अजूनही मान वळवून गच्चीखालचे ओलीचे डाग बघते. मी एका दैनिकात उपसंपादक होतो. रेषा चुकू न देणं हे तिचं काम होतं, अक्षर चुकू न देणं हे माझं.

दोघंही निवृत्त झाल्यावर प्राग, व्हिएन्ना आणि फ्लॉरेन्स बघायचं ठरलं. तिची खरी मागणी एकच होती. फ्लॉरेन्सच्या कॅथीड्रलचा घुमट चढायचा. डिप्लोमाला असताना तिने त्याचा छेद काढला होता. एका कवचात दुसरं कवच आणि दोन्हींच्या मधून वर जाणारा जिना.

"त्यातली एकेक पायरी मी काढली आहे," ती म्हणायची. "चढले एकही नाही."

अडचण उजव्या गुडघ्याची होती. तो बदलायची तारीख दिवाळीनंतरची ठरली होती. घुमटाबद्दल विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "चढून या. दुखेल, पण बिघडायचं ते बिघडलेलंच आहे. नवा बसवला की मात्र त्याला असं राबवायचं नाही."

म्हणजे जे काही व्हायचं ते याच वेळी. आम्ही सरावाला लागलो. पर्वतीच्या पायऱ्या एकशेतीन आहेत आणि घुमटाच्या चारशेत्रेसष्ट. साडेचार पर्वती, असा हिशेब तिने मांडला. जानेवारीत एक फेरी, फेब्रुवारीत दोन, एप्रिलअखेर चार. रोज सकाळी भेटणाऱ्या एका गृहस्थांनी तिसऱ्या फेरीला विचारलं, "वहिनी, नवस बोललात की काय?"

"हो," ती म्हणाली. "परदेशातल्या देवाला."

पण चौथ्या फेरीनंतर ती दर वेळी खाली बसायची. साडेचार एकदाही झालं नाही.

तिकिटं काढायचं काम माझ्याकडे होतं. पर्वतीची सवय सकाळची, म्हणून मी सकाळची पहिली वेळ घेतली आणि तीन प्रती छापल्या.

प्रागमध्ये लोक पुलावरच्या पुतळ्यांचे फोटो काढत होते. ती कठड्याच्या दगडांच्या सांध्यांवरून बोट फिरवत होती. व्हिएन्नात एका राजवाड्यासमोर मी तिला वरची नक्षी दाखवली. ती म्हणाली, "ती दिसली हो. पावसाचं पाणी कुठून काढलंय ते शोधतेय." दहा मिनिटांनी पन्हळीचं तोंड सापडलं. ते एका दगडी सिंहाच्या जबड्यात होतं. तिने मला दंडाला धरून तिथे नेलं. "बघा. आमच्या साहेबांना हे सुचलं नसतं. त्यांनी सरळ पीव्हीसीचा पाइप सोडला असता." दिवसभर ती खुशीत होती. एका जुन्या घराच्या जिन्यात तिने पर्समधली टेप काढून पायरीची उंची मोजली. दारातून बाहेर येणाऱ्या आजीबाई थांबल्या, आणि टेपचं दुसरं टोक त्यांनी धरलं.

फ्लॉरेन्सला आमचा एकच पूर्ण दिवस होता. सकाळी वेळेच्या पंचवीस मिनिटं आधी आम्ही घुमटाच्या दाराशी पोचलो. तिकिटं तपासणाऱ्या मुलीने कागद बघितला आणि बाजूच्या मनोऱ्याकडे बोट दाखवलं. तिकिटं घंटेच्या मनोऱ्याची होती. घुमटाच्या त्या दिवसाच्या सगळ्या वेळा भरलेल्या होत्या.

मी कागद पुन्हा वाचला. वर घुमटाचा मोठा फोटो होता, त्याखाली बारीक अक्षरात मनोऱ्याचं नाव. आमच्या डेस्कवर बातमी दोनदा वाचायची, मथळा तीनदा, आणि फोटोओळ दुसऱ्या दिवशी छापून आल्यावर, अशी रीत होती. मी तीच पाळली होती.

"अहो," ती म्हणाली, "तीस वर्षं लोकांच्या चुका काढल्यात ना तुम्ही?"

"हो."

"पगार देत होते त्याचा?"

तिने मान वर करून मनोरा खालून वर बघितला. मग त्या मुलीला पायऱ्या किती, ते विचारलं. चारशेचौदा. ती मनात आकडेमोड करत असताना मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

"चार पर्वती आणि वर दोन," ती म्हणाली. "चला."

जिना अरुंद होता आणि पायऱ्या पर्वतीसारख्या ऐसपैस नव्हत्या. मधेमधे थांबायला मजले होते. पहिल्या मजल्यावर ती बसली नाही. दुसऱ्यावर बसली आणि छताची कमान कशी पेलली आहे, ते मला समजावून सांगितलं. तिसऱ्यावर दोन्ही हातांनी गुडघा दाबत राहिली. मी म्हणालो, इथूनही छान दिसतं.

"इथून काय दिसतंय ते मला कळतंय," ती म्हणाली. "तुम्ही पुढे व्हा आणि मोजा. मोठ्याने."

मी मोठ्याने मोजत चढलो. वरून उतरणाऱ्या लोकांनी भिंतीला चिकटून वाट दिली. एकाने माझे मराठी आकडे म्हणून बघितले. चारशेबारा म्हणालो तेव्हा ती माझ्या मागे एकच पायरी होती. शेवटच्या दोन तिने स्वतः मोजल्या.

वर जाळीशी गेलो आणि समोर घुमट होता. पूर्ण, पायथ्यापासून टोकापर्यंत, लाल कौलांचा, पांढऱ्या फासळ्यांचा. त्याच्या माथ्यावर माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "त्या बिचाऱ्यांना घुमट दिसत नाहीये." आणि हसायला लागली. भिंतीला टेकून, गुडघा धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग पर्समधून वही काढून तिने घुमटाचं चित्र काढलं. छेद नाही, बाहेरून दिसतो तसा. पट्टी लावली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच, असं तीच म्हणाली.

उतरायला चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला. दुपारभर हॉटेलात गुडघ्यावर बर्फ होता.

आता गुडघा नवा आहे आणि ते चित्र हॉलमध्ये आहे. लावण्यापूर्वी तिने मला त्याखाली फोटोओळ लिहायला सांगितली, चूकदुरुस्तीसह. मी लिहिलं: "घुमट, मनोऱ्यावरून. तिकिटं काढताना घुमटाऐवजी मनोऱ्याची काढली गेली. चुकीबद्दल दिलगीर आहोत."

तिने पेन घेतलं, शेवटचं वाक्य खोडलं आणि चित्र भिंतीला लावलं.