दाजींची गिऱ्हाइकी

लातूरची बाजारपेठ व्यापाऱ्यांनी उभी केली असं सगळे म्हणतात, आणि ते खरंही असेल. पण ती अजून गाव सोडून पळाली नाही ती केवळ आमच्या दाजींच्या धाकानं, असं माझं ठाम मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एसटी स्टँडावर कंट्रोलर होते. कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे आणि अंगातल्या बुशशर्टाची एक बाही दुसरीपेक्षा बोटभर आखूड, कारण आमच्या गल्लीतल्या शिंप्याचं माप नेहमी एकाच बाजूला चुकायचं. ताई म्हणायची, दुसरा शिंपी बघा. दाजी म्हणायचे, "मीच सोडलं तर त्याला कोण धरील? बाही आखूड हाय, माझा हात तर आखूड न्हाई झाला!" गावातच बनणारा एक साबण ते वापरत. तो फेस म्हणून करायचा नाही, अंगावरून नुसता दगडासारखा फिरायचा. पण जे गावात मिळतं ते बाहेरून आणायचं नाही, हा त्यांचा नेम.

नोकरी नेमकी या नेमाच्या उलट. माणसं गावाबाहेर रवाना करायची, हेच काम. त्यावर दाजींनी तोड काढली होती. चाकूर, रेणापूर, अहमदपूरची गाडी आली की कर्ण्यावरून अशी ललकारी देत, जणू वऱ्हाडच दारात आलंय. सोलापूरची गाडी सुटताना मात्र घसा बसल्यासारखे पुटपुटत. एकदा लग्नाचा बस्ता बांधायला सोलापूरला निघालेलं एक कुटुंब त्यांनी गाडीच्या पायरीवरच गाठलं. "सोलापूरला कशाला? आपल्या कापडलाईनीत काय गोणपाटं विकून राहिलेत का?" गाडी गेली, कुटुंब राहिलं. ड्यूटी संपल्यावर दाजी स्वतः त्यांना घेऊन गेले आणि नवरीच्या मावशीला साडी पसंत पडेपर्यंत दुकानाच्या दारातून हलले नाहीत.

त्यांचा खरा कस लागला तो पुढं. लातूरचा वेगळा जिल्हा झाला, नवी कचेरी आली, साहेब आले, आणि साहेबांच्या मागोमाग खोक्यांतली बिस्किटं आली. त्यातच पावसानं पाठ फिरवली. नळ कोरडे पडले, गल्लीत टँकरची वाट बघत घागरींच्या रांगा लागल्या. आमच्या कोपऱ्यावर एका म्हाताऱ्या चाचांची बेकरी होती. तिच्या भट्टीवर चार घरं जेवायची. एका संध्याकाळी चाचा ट्रंका बांधताना दिसले. दाजी तिथंच थांबले.

"कुठं निघालाव, चाचा?"

"हैदराबादकू. दामाद बुला रा. पानीच नै, तो आटा कायसे मलूँ? और गिराइक भी किधर है, दाजी?"

दाजी तडक घरी आले. मला म्हणाले, "कलेक्टर आला म्हणून जिल्हा होत न्हाई. भट्टी राहिली, शिंपी राहिला, तर जिल्हा. न्हाई तर नुसती कचेरी."

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी घरातली भरलेली घागर खांद्यावर घेतली. ताई आडवी आली. "अंघोळीला पाणी न्हाई आन् तुमी पिठाला देऊन राहिलाव?"

"माझ्या वाट्याचंच नेतो. अंघोळ पाऊस आल्यावर."

आणि माणसानं खरोखर अंघोळ सोडली. ओल्या फडक्यानं अंग पुसायचे, वर दुप्पट विभूती लावायचे. स्टँडावर प्रवासी त्यांच्यापासून जरा लांबूनच गाडीची चौकशी करू लागले. ते बघून आधी शेजारच्या काकू पाझरल्या, मग सगळी गल्ली; घरटी एक घागर चाचांच्या दारात आली. काकूंनी चाचांना बजावलं, "पाव कच्चा निघाला तर घागर परत नेईन!" चाचा दारात त्या घागरींकडं बघत उभे राहिले. डोळे पुसले, ट्रंकेची दोरी सोडली आणि मैद्याचं पोतं उघडलं.

पाणी झालं, आता गिऱ्हाईक. दाजी चहाच्या टपऱ्या धुंडाळू लागले. "हितं खारी ठेवत न्हाईस? मग चहा न्हाई पेत," म्हणून भरला कप परत करायचे. शेवटी खारीची पिशवी घेऊन नव्या कचेरीत शिरले. साहेबांनी विचारलं, "बेकरी तुमची का?"

"न्हाई साहेब. मी गिऱ्हाईक हाय."

साहेब हसले, एक खारी चहात बुडवली, मग दुसरी. त्यानंतर कचेरीतल्या बैठकांना खारी चाचांकडूनच जायला लागली. पाऊस आला तेव्हा भट्टी पेटलेली होती. आज तिथं चाचांचा नातू बसतो.

गाव सोडावं लागलं ते दाजींनाच. ताई गेली, गुडघे गेले, आणि मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. मागच्या महिन्यात भेटायला गेलो तर सहाव्या मजल्यावर खिडकीशी बसले होते. नजर अधू झालीय. तब्येतीची विचारपूस त्यांनी करूच दिली नाही. माझा हात धरून म्हणाले, "गंजगोलाईपासून धर. कोन कोन हाय अजून?"

मी बाजारातल्या त्या गोल चौकापासून एकेक दुकान सांगू लागलो. भांडीवाला, त्याच्या शेजारी अत्तरवाला, मग मिरचीवाला. दाजी डोळे मिटून मान हलवत होते, जणू माझ्यासोबत चालतच होते. मी जरा पुढं सरकलो, तशी त्यांची मान थांबली.

"मधी एक दुकान सोडलास."

त्या दुकानाला आता कुलूप आहे, हे मला सांगवेना. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या. बराच वेळ त्यांनी माझा हात तसाच धरून ठेवला.

"असू दे," ते म्हणाले. "पुढचं सांग."