न चाखलेली वांगी

इटलीत कुठल्या गावात काय खावं हे मला विचारावं, गाइडबुकला विचारू नये. ब्रिस्टलला राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी मला शोध लागला की इथून स्वस्त विमानाने इटलीला जाणं हे पुण्याहून कोकणात जाण्यापेक्षा सोपं आहे. तेव्हापासून मी एकही बँक हॉलिडे घरात बसून वाया घालवला नाही. चर्च आणि म्युझियम नवऱ्याने बघायची आणि मी बाजार बघायचा, अशी आमची वाटणी होती. जेनोआत मी डाळीच्या पिठाचं परातीएवढं धिरडं खाल्लं, बोलोन्यात पास्त्याचे इवले इवले मोदक खाल्ले. 'इटालियन जेवण' नावाची वस्तू इटलीत नसतेच, हेही मला लवकर कळलं. या गावचा पदार्थ पुढच्या गावात मागितला की वाढणारा असं तोंड करतो, जणू आपण कोल्हापुरात जाऊन उंधियो मागितला.

ऑफिसात मी सॉफ्टवेअर टेस्टर होते. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा मला पगार मिळायचा. काम माझ्या स्वभावाला धरून होतं, पण मला त्यातून सुटायचं होतं. आमच्या घराजवळच्या चढावरचं कॅफे संध्याकाळी पाचला बंद व्हायचं. मी त्याच्या मालकिणीच्या मागेच लागले, की शुक्रवारची संध्याकाळ मला दे, दर वेळी इटलीतला एकेक प्रांत रांधून वाढते. ती इंग्रज बाई कित्येक आठवडे 'लव्हली आयडिया' म्हणत राहिली. लव्हली आयडिया म्हणजे नाही, हे कळण्याइतकी मी तोवर इथे मुरले होते, म्हणून मी सोडलं नाही. शेवटी वैतागून ती म्हणाली, "एक शुक्रवार करून दाखव. चांगला झाला तर पुढचे सगळे तुझे."

"सिसिली," मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. सिसिली मी अजून पाहिलेली नव्हती, पण त्याने काय अडतं? घरी जाऊन तिकिटं काढली.

त्याच उन्हाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आली होती. इटलीचा व्हिसा मी तिला मुंबईहूनच करून आणायला लावला होता, कारण मला माझा स्वभाव माहीत होता. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचं सगळं झाल्यावर ती काशीला जाऊन आली आणि रिवाजाप्रमाणे आवडीची एक वस्तू तिथे सोडून आली. यात लोक हुशारी करतात. माझ्या एका मावशीने चेरी सोडली, जी तिने केकशिवाय आयुष्यात कुठे पाहिली नव्हती. आईने वांगं सोडलं. आमच्या घरी भरल्या वांग्यांवरून भांडणं व्हायची, आणि चिंच-गुळाच्या रसात बुडालेलं शेवटचं वांगं आई स्वतःसाठी राखून ठेवायची. ते ती आम्हा मुलांनाही देत नसे. अशा बाईला घेऊन मी निघाले होते सिसिलीला, जिथे वांग्याशिवाय पान हलत नाही.

पालेर्मोच्या बाजारात पहिल्याच दिवशी डाळीच्या पिठाच्या तळलेल्या वड्या पावात घालून मिळाल्या. आईने घास घेतला, डोळे बारीक केले. "पाटवडीच आहे की! फोडणी विसरलेत," ती म्हणाली आणि सगळा पाव संपवला. रिकोटा भरलेली कुरकुरीत नळी तिने चक्क्याची आठवण काढत दोनदा मागून घेतली. सकाळी उठून बर्फाच्या चुऱ्याबरोबर गोड पाव खाणं मात्र तिला शेवटपर्यंत पटलं नाही.

आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण मला कापोनाता शिकवणार होती. तळलेली वांगी, सेलरी, टोमॅटो, ऑलिव्ह, मिठात मुरवलेल्या केपर नावाच्या कळ्या आणि वरून साखर-व्हिनेगर. आंबटगोड पदार्थ, आज करायचा आणि उद्या गार खायचा. बाई दर दोन मिनिटांनी चमचा तोंडात घालून चाखायची. शेवटी तिने एक चमचा भरला आणि खाली दुसरा हात धरून थेट आईच्या तोंडाशी नेला. आईने हात जोडले. बाईने चमचा आणखी पुढे केला, तेव्हा आईने मान फिरवली. बाईचा चेहरा पडला. माझ्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये मी काहीतरी सारवासारव केली, पण जिना उतरताना माझा पारा चढलाच.

"आई, ती बाई hurt झाली. एक चमचा खाल्लास तर बाबा काही वरून बघणार नाहीयेत!"

"ते बघतील म्हणून नाही सोडलं मी. सोडलंय म्हणजे सोडलंय." आणि दोन पायऱ्या उतरून ती म्हणाली, "तिनं व्हिनेगर अगदी शेवटी घातलं, बघितलंस ना?"

मी हात टेकले.

ब्रिस्टलला परत आल्यावर कॅफेच्या मालकिणीने दारावर पाटी लावली आणि शुक्रवारच्या सगळ्या जागा भरल्या. कापोनाता गुरुवारीच करून ठेवायला हवी होती, आणि बुधवारी मला सर्दी झाली. साधीसुधी नाही. गुरुवारी सकाळी समोर चहा आहे की गरम पाणी ते मला कळेना. लसूण ठेचून नाकाशी धरला, काही नाही. केपरची कळी चावली, तर जिभेला पुसट काहीतरी खारं लागलं, बस्स. पुढे ढकलावं म्हटलं तर 'लव्हली आयडिया' पुन्हा सुरू झाली असती. नवऱ्याच्या जिभेवर माझा विश्वास नव्हता, कारण तो माणूस रिसोट्टोवर ठेचा घेतो. मी वांग्यांच्या ढिगासमोर ओट्याला टेकून उभी राहिले आणि मला चक्क रडू आलं.

"सरक बाजूला," आई म्हणाली आणि पदर खोचला.

"तू चाखणारेस का?"

"चाखायचं कशाला? नैवेद्याचा स्वयंपाक कधी चाखून केलाय मी?"

ते खरं होतं. आमच्या गणपतीत देवाला दाखवायच्या आधी आमटीचा थेंबही जिभेवर ठेवायची सोय नव्हती, आणि घरभर पाहुणे असूनही आईच्या आमटीत मीठ कमी-जास्त झाल्याचं मला आठवत नाही.

"पण वांगं आहे हे, आई."

"मी खाणं सोडलंय गं, करणं नाही."

मग मी टेस्ट करण्यासारखं काहीही हातात नसलेली टेस्टर होऊन तिच्या शेजारी उभी राहिले. केपरची बाटली उघडून तिने वास घेतला. "हे धुतलेस का मिठातून काढून? नाही ना? आणि वर आणखी मीठ घालणार होतीस!" तिने त्या कळ्या तीन पाण्यांतून काढल्या. साखर घालताना मी म्हटलं, पालेर्मोच्या बाईने कमी घातली होती. "तिचे टोमॅटो उन्हातले होते. हे तुमचे इथले, वासच सांगतोय किती आंबट आहेत ते." आणि तिने मुठीतून आणखी साखर सोडली. व्हिनेगर ओतून ती कढईवर वाकून उभी राहिली. वाफ नाकात चढायची थांबली, तसा तिने गॅस बंद केला. "झालं," म्हणाली. इतकी खात्री मला माझ्या कुठल्याच कामाची कधी वाटलेली नाही, आणि खात्रीच्या बाबतीत मी काही कमी नाही.

शुक्रवारी कॅफेत कापोनाताचं पातेलं सगळ्यात आधी रिकामं झालं. मालकिणीने वाटी पावाने पुसून घेतली. "मी पालेर्मोला दोनदा गेलेय," ती म्हणाली, "पण अशी कुठेच खाल्ली नाही." मी ते कौतुक म्हणून घेतलं. मी बहुतेक गोष्टी तशाच घेते. जाताना तिने विचारलं, "पुढच्या शुक्रवारी कुठला प्रांत?" आणि माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत.

घराकडे चढ चढताना आईने विचारलं, "कशी झाली होती गं?"

मी बोलायला तोंड उघडलं आणि थबकले. मला माहीतच नव्हतं. तिलाही नाही. अख्ख्या कॅफेने खाल्लेला पदार्थ कसा लागतो हे तो करणाऱ्या दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं. आम्ही रस्त्यातच हसत सुटलो. पण आईचं हसू आधी थांबलं. तिला खरोखरच हवं होतं ते उत्तर. सोडलेली वस्तू माणसाला हवीशीही वाटत असते, हे त्या चढावर पहिल्यांदा माझ्या डोक्यात शिरलं आणि मला फार वाईट वाटलं.

रविवारी माझं नाक उघडलं. आईने फ्रिजमधून झाकण घातलेली एक वाटी काढली. तिने ती बाजूला काढून ठेवली होती, मला पत्ताही नव्हता. माझ्यासमोर ठेवून ती टेबलाच्या पलीकडे बसली.

"आता सांग. नीट सांग."

मी घास घेतला. आंबट पुढे आलं आणि गोड लगेच त्याच्या मागोमाग, नेमकं ज्या मापाने आमच्या घरी चिंच आणि गूळ पडायचा, त्या मापाने. मी आणखी एक घास घेऊन खात्री केली. मालकिणीला अशी पालेर्मोत का मिळाली नाही, ते मला कळलं.

"पालेर्मोसारखी नाही झाली, आई."

तिचा चेहरा उतरला.

"तुझ्या भरल्या वांग्यांसारखी लागतेय. अगदी तशीच."

आई वाटीकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले, घास घोळवत असावी तसे. माझे डोळे भरून आले.

"मग मला माहितेय कशी लागते ते," ती म्हणाली. वाटीत एकच फोड उरली होती. तिने वाटी बोटाने माझ्याकडे सरकवली. "हं, संपव. शेवटचं तू घे."